माझ्या घरी नाताळ नसतो

मी बेंगळुरूहून बोलतोय. या मालिकेत आपण आतापर्यंत बहुतेक लढायांबद्दल बोललो. आजचा विषय जरा घरचा आहे. पण त्यात एक किल्ला आहे, एक कैदी सुभेदार आहे आणि एक शरणागतीही आहे. तेव्हा नेहमीच्या श्रोत्यांची निराशा होणार नाही.

डिसेंबरची वीस तारीख उलटली की आमच्या दाराची बेल वाजायला लागते. प्लम केक येतो, कलकल येतात, कुणी घरी केलेली द्राक्षाची वाईन आणून देतं. 'मेरी ख्रिसमस, कर्नल अंकल!' मी थँक्यू म्हणतो आणि ताट आत नेतो. तीन वर्षांपूर्वी तर सोसायटीतल्या पोरांनी मला सांताक्लॉज व्हायची गळ घातली. पांढरी दाढी आयतीच होती, पोटही थोडंफार आहेच. शिवाय त्यांच्या मते घरातला सणही माझाच होता.

तर आधी सांगून टाकतो. माझ्या घरी नाताळ नसतो. कधीच नव्हता. मी ख्रिस्ती नाही, यहुदी आहे. मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल. घरातली भाषा मराठी, आडनाव कोकणातल्या गावाचं, शेवटी 'कर' असलेलं. आजोबा रेवदंड्याचे, माझा जन्म पुण्याच्या रास्ता पेठेतला. घोटाळा होतो तो पहिल्या नावामुळे. ते बायबलमधलं आहे. आपल्याकडे बायबलमधलं नाव ऐकलं की माणूस पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकतो: रविवारी चर्च, डिसेंबरात केक, इस्टरला अंडी.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हे मुद्दाम सांगतो. जगात इतर ठिकाणी यहुद्यांच्या वाट्याला जे आलं, ते या देशात माझ्या पूर्वजांच्या वाट्याला आलं नाही. आमच्या वाट्याला आला तो गैरसमज, आणि तोही केकसकट. मग तक्रार कसली? तेच आज बोलायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्यात परंपरेने सांगतात ते असं. फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांच्यापासून आमचा समाज वाढला. गलबत नेमकं कधी फुटलं यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात आज शिरत नाही. पुढचा भाग मात्र पक्का आहे. हे लोक कोकणातल्या गावोगावी पसरले आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. बैल सोडलेला, माणसं घरात. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'.

हे नाव मला फार आवडतं. त्या शेजाऱ्यांना यहुदी धर्म म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. खुद्द आमच्या लोकांनाही त्यातलं फारसं आठवत नव्हतं. एक 'शमा' ही प्रार्थना, मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खवले-पंख असलेलीच मासळी खायची, एवढं काय ते उरलं होतं. पण शेजाऱ्यांनी डोळे उघडे ठेवले. ही माणसं इतर तेल्यांसारखी दिसतात, बोलतात, नेसतात, फक्त शनिवारी काम करत नाहीत. जे दिसलं तेच नाव ठेवलं. नावावरून माणूस ठरवला नाही.

आमच्या सणांची जुनी नावंही ऐकण्यासारखी आहेत. नववर्षाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा, योम किप्पूरचा दिवस तो 'दारफळणीचा सण', कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून, उपास करून घरात बसायचं. एक 'खिरीचा सण', एक 'होळीचा सण'. एकाही नावात हिब्रू शब्द नाही. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास आमच्या समाजाचा जो इतिहास लिहून ठेवला, त्यात हे सगळं आलं आहे. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला.

आता या यादीत एक सण नाही, हनुक्का. जेरुसलेमचं मंदिर परत ताब्यात आलं, एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरलं, त्या आठवणीचा दिव्यांचा सण. तो आमच्या पूर्वजांना माहीतच नव्हता, पुढे बाहेरून आलेल्या गुरूंकडून कळला. आमची म्हातारी माणसं म्हणायची, आपण ती घटना घडायच्या आधीच तिथून निघालो होतो. खरं-खोटं देव जाणे. पण पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या लोकांना तेलाच्या चमत्काराचा सणच ठाऊक नसावा, याची मला गंमत वाटते.

आता किल्ला. बेंगळुरूहून म्हैसूरला जाताना वाटेत श्रीरंगपट्टण लागतं. टिपू सुलतानाची राजधानी. तिथे आमचा एक माणूस कैदेत होता. सामाजी हसाजी दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला देशी अधिकारी. अठराव्या शतकात आमचे बरेच लोक घाणे सोडून या फौजेत शिरले होते. १७८० ते १७८४ चं जे दुसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध झालं, त्यात सामाजी टिपूच्या हाती लागला.

पुढची गोष्ट आमच्या घराघरांत सांगतात, ती परंपरा म्हणूनच ऐका. कैद्यांना त्यांची जात, धर्म विचारला गेला. सामाजीने सांगितलं, 'बेने इस्राएल'. टिपूच्या आईने ते ऐकलं आणि म्हणाली, बनी इस्राईल हे लोक तर कुराणात आहेत, आपण नुसतं वाचत होतो, आज समोर दिसले. यांना मारू नका. सामाजी वाचला. सुटल्यावर मुंबईला आला आणि १७९६ साली त्याने मांडवीत प्रार्थनालय बांधलं, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार. तिथल्या रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. पुढच्याच वर्षी कोचीनला सामाजी वारला.

इथे जरा थांबा. माणूस सामाजी, मग रस्ता सॅम्युअल कसा? तर दोन्ही नावं एकच. आमच्या लोकांनी जुनी हिब्रू नावं मराठी तोंडाला सोयीची करून घेतली होती. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, मोशेचा मुसाजी, दावीदचा दाऊदजी. सामाजी हसाजी दिवेकर या नावाचा माणूस ख्रिस्ती असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तोच माणूस सॅम्युअल इझिकेल म्हणा, लगेच त्याच्या घरात लोकांना ख्रिसमस ट्री दिसायला लागेल.

हा बदल झाला एकोणिसाव्या शतकात. कोचीनहून शिकवणारे लोक कोकणात आले, त्यांनी आमच्या लोकांना विसरलेला धर्म आठवून दिला. त्याच काळात मुंबईत मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत आमची मुलं शिकली, आमचे लोक शिक्षकही झाले. ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे, त्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आमच्या लोकांनी हिब्रू घेतली, मराठी बायबलमधला जुना करार घेतला, शिक्षण घेतलं. धर्मांतर मात्र फारसं कुणी केलं नाही. १८७५ साली केहिमकरांनी मुंबईत आमच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळाही काढली. या सगळ्यात नावं बदलली. सामाजीच्या नातवाचा सॅम्युअल झाला, मुसाजीच्या नातवाचा मोझेस. लोकांना वाटलं आपण मूळ नावाकडे परत जातोय, आणि ते खरंच होतं. पण ते नाव आलं इंग्रजी उच्चारात, आणि त्या उच्चाराशी शेजाऱ्यांच्या मनात एकच धर्म जोडलेला होता.

म्हणजे बघा, जुन्या खुणा होत्या तोवर शनिवारमुळे लोक आम्हाला वेगळं ओळखत होते. आम्ही जास्त यहुदी नावं घेतली आणि लोकांना जास्त ख्रिस्ती वाटायला लागलो.

आमच्या प्रार्थनास्थळांचीही तीच तऱ्हा. मुंबईत आमचे लोक सिनेगॉगला मशीद म्हणत. सामाजीने बांधलेली ती 'जुनी मशीद'. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यात लष्कर भागात डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, १८६७ साली पूर्ण झालेलं लाल विटांचं सिनेगॉग आहे, त्याला पुणेकर म्हणतात 'लाल देऊळ'. आणि त्याचा तो उंच मनोरा नि घड्याळ बघून बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, हे कुठलं चर्च? एकाच धर्माची जागा: मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ, पाहुण्याला चर्च. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. सगळ्यांनी आपापल्या परीने आम्हाला आपलं म्हटलं होतं. आजही तो अभिमान आहे. पण वय वाढलं तसं हेही लक्षात आलं, की त्या तिन्ही नावांत आमचं नाव कुठेच नाही.

बी.ए. करून मी सैन्यात गेलो, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. म्हणजे रसद, वाहनं, शिधा. सैन्यात जवानांचा धर्म तो अधिकाऱ्याचा धर्म. मी मंदिरात आरतीला उभा राहिलो, गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून बसलो, ईदला जवानांच्या गळ्यात पडलो. त्यात मला कधीच अडचण वाटली नाही. अडचण आली ती पहिल्या डिसेंबरात. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, 'नाताळची प्रार्थना, केक, सगळं तू बघ. तुझाच सण आहे.' मी तरुण लेफ्टनंट. 'येस सर' म्हणालो आणि गेलो. केक वेळेवर आला, प्रार्थना नीट झाली, मेणबत्त्या कमी पडल्या नाहीत. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे ते काम माझ्याकडेच आलं. तीस वर्षांत मी भरवलेले नाताळ एखाद्या धर्मगुरूला लाजवतील. सर्व्हिस कोअरचा माणूस, शिधा कुणाचाही असो, पोचवणारच.

चूक दुरुस्त का केली नाही? संकोच. समोरचा प्रेमाने बोलतोय, त्याला कशाला अवघडवा. आणि दुसरं कारण, समजावून सांगायचा कंटाळा. 'यहुदी' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'म्हणजे ख्रिश्चनमधलाच प्रकार ना?'

मीच एकटा असा होतो असं नाही. १६ डिसेंबर हा आपला विजय दिवस. १९७१ साली त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. ती शरणागती जुळवून आणण्यात पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांचा मोठा वाटा. सेनाप्रमुख माणेकशॉ पारशी, शरणागती स्वीकारणारे अरोरा शीख, आणि जेकब कोलकात्याचे बगदादी यहुदी. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी जेकब म्हणजे ख्रिस्ती असंच धरलं होतं. त्यात सैन्यातलेही होते. आमच्या बेने इस्राएलमधले व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे प्रमुख होते, पुढे आरमाराचा ताफा त्यांच्या हाताखाली होता. त्यांचं नाव सांगितलं की तोच प्रश्न येतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मी कुणावर बोट रोखतोय असं वाटणार नाही. एका ठाण्यावर मणिपूरचा एक जवान होता. डिसेंबर आला, मी मोठ्या मनाने त्याची रजा सगळ्यांच्या आधी मंजूर केली. 'जा, घरी नाताळ कर.' तो उभाच. मग हळूच म्हणाला, 'साहेब, मी मैतेई, वैष्णव आहे. मला रजा याओशांगला हवी होती.' याओशांग म्हणजे त्यांचा होळीच्या वेळचा सण. ज्या चुकीने मी आयुष्यभर मनातल्या मनात कुरकुरत होतो, तीच मी केली होती, फक्त नावाऐवजी चेहरा बघून. त्याने ती दुरुस्त केली, म्हणून त्याला रजा योग्य वेळी मिळाली. मी कधी केली नव्हती.

माझी बायको मात्र करायची. दर वेळी, हसत, न चुकता. कुणी केक आणला की ती तो घ्यायची, खायला बसवायची आणि सांगायची, 'आमच्यात नाताळ नसतो हं. आमचा नव्याचा सण सप्टेंबरच्या सुमारास येतो, तेव्हा या.' आणि त्या दिवशी त्या बाईला खरोखर बोलवायची. मी म्हणायचो, 'अगं, कशाला?' ती म्हणायची, 'आपण किती उरलोय ते माहिताय ना?'

माहीत होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात पंचवीस हजारांच्या आसपास यहुदी होते, त्यातले बहुतेक आमचे. नंतर बरेच इस्राएलला गेले. २०११ च्या जनगणनेत पाच हजारही भरले नाहीत. जनगणनेच्या तक्त्यात आम्हाला वेगळा रकाना नाही, 'इतर धर्म' यात आम्ही येतो. महाराष्ट्राने २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आणि जे इस्राएलला गेले त्यांचं सगळं सोपं झालं असंही नाही. तिथल्या काही धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नासाठी पिढ्यांची चौकशी सुरू झाली. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा १९६४ साली ते प्रकरण मिटलं. म्हणजे तिकडे सांगावं लागलं की आम्ही यहुदी आहोत, आणि इकडे सांगावं लागतं की आम्ही ख्रिस्ती नाही.

बायको २०१९ च्या डिसेंबरात गेली. रात्री गेली आणि आमच्यात दफन शक्य तेवढ्या लवकर करतात. बेंगळुरूत सिनेगॉग नाही. मुलगा परदेशातून निघाला होता. कद्दिश म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात, मी फोनवर माणसं जमवत होतो. सोसायटीतल्या लोकांनी बाकी सगळं हातात घेतलं. सकाळी शववाहिका दारात आली. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरे मोठे क्रूस रंगवलेले. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे योग्य तीच गाडी बोलावली होती.

मी जिन्यात उभा राहिलो. क्रूसाबद्दल माझ्या मनात अनादर नाही, इतक्या नाताळांची व्यवस्था बघितलेला माणूस मी. पण ती यहुदी म्हणून जन्मली, यहुदी म्हणून जगली, आणि आयुष्यभर एकच गोष्ट लोकांना सांगत आली. तिलाच मी या गाडीतून नेणार होतो. आणि त्या क्षणीही माझ्या तोंडून शब्द फुटेना. सगळे इतक्या मायेने धावत होते, त्यांना काय सांगू?

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. मंगळूरच्या, कॅथलिक. त्यांनी गाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत वर गेल्या. दोन पांढऱ्या चादरी घेऊन आल्या, ड्रायव्हरला हाताशी घेतलं आणि दोन्ही क्रूस झाकून टाकले. मला एवढंच म्हणाल्या, 'त्यांनी मला सांगितलं होतं.'

इथली यहुदी दफनभूमी शहराच्या पश्चिम भागात आहे. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांनी १९०४ साली जागा दिली. कमर्शियल स्ट्रीटवर बुटांचं प्रसिद्ध दुकान चालवणाऱ्या रुबेन मोझेस यांच्या घराण्याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. लहानशी जागा, मोजक्या कबरी. जर्मनीतून जीव घेऊन आलेल्या निर्वासितांच्याही आहेत. आणि सगळ्यात जुन्या कबरींत एक आहे सुभेदार सॅम्युअल नागावकर यांची, १९०४ सालची. नागाव म्हणजे अलिबागजवळचं. आपला कोकणातला माणूस, आपल्याच पेशाचा.

त्या दिवशी माती देऊन झाल्यावर मी त्या कबरीपाशी उभा राहिलो. हा सुभेदार छावणीच्या या गावात असताना डिसेंबरात लोक याला काय म्हणत असतील? पण या दगडामुळे, या कुंपणामुळे, तो कोण होता हे सव्वाशे वर्षांनंतरही चुकत नाही. सामाजी श्रीरंगपट्टणात वाचला, कारण विचारल्यावर त्याने आपलं खरं नाव सांगितलं. माझ्या बायकोची शेवटची वाट नीट झाली, कारण तिने न विचारताही सांगितलं होतं. मी तीस वर्षं वर्दीत राहून जे धाडस केलं नाही, ते ती चहाच्या कपासोबत करत होती.

तेव्हापासून मी सांगतो. केक घेतो, आवडीने खातो, आणि सांगतो. पोरांसाठी सांताही झालो, का होऊ नये? पण पिशवीतली खेळणी वाटून झाल्यावर दाढी खाली करून म्हणालो, 'आता सांताचं गुपित ऐका. सांता यहुदी आहे.' मग शनवार तेल्यांची गोष्ट सांगितली. पोरांना फुटलेलं गलबत फार आवडलं.

२०२४ साली योग असा आला की हनुक्काची पहिली ज्योत नेमकी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लावायची होती. मी खिडकीत दिवा ठेवला, मेणबत्ती नाही, तेलाचा, आमच्या जुन्या धंद्याला स्मरून. खाली अंगणात नाताळची गाणी चालली होती. शेजारचा नवा भाडेकरू वर बघून ओरडला, 'मेरी ख्रिसमस, अंकल!' मी उत्तर द्यायच्या आधीच खालून सात-आठ वर्षांच्या एका पोरीने त्याला सुनावलं, 'अरे, त्यांचा ख्रिसमस नसतो. ते शनवार तेली आहेत!'

कोकणातल्या त्या शेजाऱ्यांनंतर इतकं बिनचूक मला कुणी ओळखलं नव्हतं.

तुमच्या इमारतीतही असं एखादं घर असेल. यहुदी नसेल, दुसरं कुणी असेल, ज्याचं नाव ऐकून तुम्ही त्याचा सण ठरवून टाकला आहे. केक जरूर न्या. फक्त देताना एकदा विचारा, 'तुमच्याकडे कुठला सण असतो?' आणि तुमचंच घर तसं असेल, तर माझ्यासारखी तीस वर्षं थांबू नका.

पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे वळू. नमस्कार, आणि आमच्या पद्धतीने, शालोम.